ज्याचा नेम चुकत नव्हता

कापसाच्या जुन्या जिनची भिंत पडली आणि धुळीचा लोट माझ्या तोंडावर आला. माझ्या हातात लिंबाच्या पाण्याची बादली होती. ती मी खाली ठेवली, नीट ठेवली, सांडू दिली नाही. भोंग्यावर गाणं चालूच होतं. भिंतीजवळ दोन माणसं होती. एक माझा मुलगा राहुल, चोवीस वर्षांचा. दुसरा माझा भाडेकरू. धूळ खाली बसेपर्यंत दोघांपैकी कोणीही दिसलं नाही.

त्या भाडेकरूबद्दल गावात जो तो वाटेल ते सांगतो. कोणी म्हणतं त्याला करणी येत होती, कोणी म्हणतं भिंत त्यानेच पाडली. माझ्या मागच्या खोलीत तो सहा वर्षं राहिला. मी पाहिलं तेवढं लिहिते. त्याचं नाव मात्र लिहीत नाही. पोट्टे त्याला काका म्हणत, मीही घरात बोलताना काकाच म्हणायची, वयाने तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी.

माणूस अकोटकडचा. आला तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि हवा भरायचा पंप घेऊन आला. फुटलेले फुटबॉल दुरुस्त करायचं काम करायचा. शाळांचे, क्लबांचे बॉल पोत्यात भरून यायचे. आतला ब्लॅडर बदलायचा, वरून शिवण घालायची, हवा भरायची आणि कानाशी धरून बोटाने टकटक करायची. आवाज मनासारखा आला नाही तर सगळी शिवण उसवून पुन्हा घालायचा. मी एकदा म्हटलं, "एवढं कोणाले समजते?" तो म्हणाला, "मले समजते ना, मावशी."

खोलीत आरसा नव्हता. जेवायचा उभ्याने. झोपताना कितीही थंडी असो, पाय पांघरुणाच्या बाहेर. पायांना रोज तिळाचं तेल लावायचा आणि ते लावताना पायांकडे असा पाहायचा की जणू दुसऱ्या कोणाचे पाय सांभाळायला दिले आहेत. उजवा गुडघा कामातून गेलेला होता. जिना चढताना कठडा धरायचा.

माझं घर अमरावतीत, बंद पडलेल्या जिनच्या मागे. तरुणपणी मी त्याच जिनमध्ये कापसातला कचरा वेचायला होते. जिन बंद झाली, यंत्रं विकली गेली, छपरं गेली. राहिलं ते मैदान आणि गोदामाची मागची एक भिंत, दोन पुरुष उंच, शंभर पावलं लांब. त्या मैदानावर पोट्टे फुटबॉल खेळतात. दुपार कलली की भिंतीची सावली पडते, तिथे बसून लोक खेळ पाहतात. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जातो.

रोज पहाटे तो त्या भिंतीवर बॉल मारायचा. नुसता मारायचा नाही, एकाच विटेवर मारायचा. भिंतीपासून तीस पावलांवर उभा राहायचा, बॉल विटेवर जायचा आणि जमिनीवरून घरंगळत परत त्याच्या उजव्या पायाशी यायचा. तो जागचा हलायचा नाही. धप, मग थोडा वेळ काही नाही, मग धप. त्या आवाजाला मी अंथरुणातून उठायची. गल्लीतली कुत्री त्या वेळी भुंकत नसत. एकदा तो आजारी पडला, दोन दिवस आवाज आला नाही, तर तीच कुत्री माझ्या दारात येऊन बसली आणि मागच्या खोलीकडे पाहत राहिली. भेगांच्या जमिनीवरून बॉल सरळ परत कसा यायचा, ते मला विचारू नका. मी ती वीट हात लावून पाहिली आहे. ताटलीसारखी गुळगुळीत झाली होती. शेजारच्या विटांवर एकसुद्धा डाग नव्हता.

मला तो माणूस आवडायचा नाही. त्याचं कारण सांगते. एका सकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाठमोरा उभा राहून बाहेर कोणाशी तरी पावसाचं बोलत होता. फळीवरचा भरलेला तांब्या माझ्या कोपराने सुटला. त्याने मान वळवली नाही. बोलणं थांबवलं नाही. डावा पाय मागे घेतला, तांब्या पावलावर झेलला आणि जमिनीवर ठेवला. अर्धं पाणी आतच होतं. पावसाचं बोलणं पुढे चालू. आपण काही केलं हे त्याच्या ध्यानातही नसावं. आठ दिवस मी त्या तांब्यातून पाणी प्यायले नाही.

राहुल घरोघर पार्सलं पोचवायचं काम करायचा आणि उरलेला वेळ मैदानावर. अमरावतीत त्याच्यासारखा फॉरवर्ड नाही असं लोक म्हणायचे. मला खेळातलं कळत नाही, पण त्याच्या पायाशी बॉल आला की बसलेले लोक उठून उभे राहायचे, ते मी पाहिलं आहे. त्याला काकाचा राग. हा माणूस रोज भिंतीशी खेळतो आणि आमचा सामना असला की मैदानाकडे पाठ करून बसतो, हे त्याला लागायचं. पाठ करून बसलेला असतानाही कोणी बॉल मारला ते तो आवाजावरून सांगायचा. "हा राहुल. हा तो जाड्या. हा पुन्हा राहुल, पन दमला."

एका रविवारी राहुलने त्याला सगळ्यांसमोर छेडलं. "काका, भिंतीसंग कोनीही खेळन. मानसाइसंग खेळून दाखवा ना कधी!"

तो शिवण घालत होता. म्हणाला, "भिंत बॉल वापस देते बे. तुमी देता काय?"

पोट्टे हसले. जाड्या म्हणाला, "वापस त तवा देऊ, जवा तुमच्याजवळ राहीन!"

मग ठरलं. गोलसमोरच्या चुन्याच्या चौकोनात काका एकटा, आणि ते अकरा. मी कडेला चुलीवर पोट्ट्यांसाठी चहा ठेवला होता. चहा उकळेपर्यंत त्याच्याकडून बॉल काढायचा.

सुरुवातीला हसणं-खिदळणं होतं. मग एकेकाचा आवाज बंद होत गेला. शेवटी नुसते पाय वाजत होते. तो धावत नव्हता, त्याच्या गुडघ्याने धावताच येत नव्हतं. तो चालत होता, बाजारात भाजी पाहत चालावं तसा. जिथे अकरा जण झेप घ्यायचे तिथून तो आधीच गेलेला असायचा. झेप घेण्याच्या आधी. त्यांनी कुठे जायचं ते त्यांच्या आधी त्याला कळलं होतं आणि तो त्यांची वाट पाहून कंटाळला होता, असं दिसायचं. दोघं एकमेकांवर आदळले, एकाचा दात तुटला. राहुल पाच वेळा पडला. पाचव्यांदा उठला तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता, मी त्याला तापात पाहिलं आहे तसा चेहरा होता.

काका बॉलकडे पाहतच नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "मावशी, चहा उतू जाऊन राह्यला."

माझी पाठ चुलीकडे होती. वळले तर चहा उतू जात होता.

चहा कोणी प्यायलं नाही. पोट्टे एकेक करून निघून गेले. राहुल त्या दिवशी जेवला नाही.

पुढे माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. अकोल्याला ऑपरेशन करायचं होतं. राहुलला सुट्टी मिळेना, म्हणून काका सोबत आला. अकोल्याच्या बसस्टँडवर त्या दिवशी लग्नसराईची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, "माह्या सदऱ्याचं टोक धरा आन् या." मी धरलं. त्या गर्दीतून आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि कोणाचा खांदा त्याला लागला नाही. माझ्याही अंगाला कोणी लागलं नाही. माणसं बाजूला होत नव्हती, कोणी आमच्याकडे पाहतही नव्हतं. तो फक्त जिथे माणूस नसेल तिथे पाय टाकत होता, आणि त्याने पाय टाकला की तिथे माणूस नसायचा. बाकड्यावर बसल्यावर मी सदरा सोडला आणि विचारलं, "एवढं सगळं येते, त मंग आमच्या खोलीत काहून पडून राह्यले?"

तो हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिला. "मी सात महिने एका क्लबात पगारावर होतो, मावशी. मोठ्या शहरात. तीस जन होतो आमी. मी तिसावा."

"तिसावा म्हंजे?"

"सगळ्यात कच्चा. त्याइनं मले बाकावर बसवलं, मंग घरी पाठवलं. बरोबर केलं."

मी म्हटलं, काहीतरीच सांगता.

"नाही जी. आपल्या पोट्ट्याइले माह्या पायातला बॉल सापडत नाही ना? तसा मले त्याइच्या पायातला सापडे नाही. एक होता तिथं. मी त्याच्यावर धावून जाओ, त तो माह्याकडे पाहेच नाही. आपन खिडकीतून बाहेर पाह्यतो तवा काचेकडे कोन पाह्यते? मी काच होतो त्याची." मग म्हणाला, "आन् त्यालेही कोनी काच समजनारा असनच कुठं तरी."

मला एकदम वाटलं, बस लवकर यावी.

हे सगळं मी राहुलला सांगितलं. सांगायला नको होतं.

त्या मे महिन्यात जिनच्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली. फायनलला अमरावती आणि अकोला. अकोल्याच्या टीमसोबत एक माणूस येणार होता, तो पगारी संघांसाठी पोट्टे निवडायचा. राहुलला दुसरं काही सुचेना. चार दिवस आधी तो स्वतःहून मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काका, खरं सांगा. मले घेतीन काय?"

"नाही."

"काहून?"

"तू चांगला खेळतं. पन तू बॉल आल्यावर पाह्यतं. काहून आला, कुठून आला, ते आधी पाह्यत नाही. तिथं तेच आधी पाह्यतात."

राहुलचा आवाज चढला. "तुमाले त सात महिन्यात हाकललं म्हने!"

"हो ना," काका म्हणाला. "म्हनूनच मले माहीत हाये."

राहुलने त्याच्याशी बोलणं टाकलं.

फायनलला गर्दी होणार म्हणून क्लबच्या लोकांनी भिंतीकडेच्या जागेची सोय केली. तिथे धूळ फार, आणि जमिनीला मोठाल्या भेगा. त्यांनी टँकर बोलावला आणि भिंतीच्या पायाशी पाणी सोडलं. भेगा पाणी पीत होत्या, भरतच नव्हत्या, म्हणून तीन दिवस तीन टँकर सोडले. जमीन छान बसली, गार झाली. मीच म्हटलं, आता कसं बसायसारखं झालं. काळी जमीन पाण्याने फुगते हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पण त्या वेळी सगळ्यांना धूळच दिसत होती.

फायनलच्या पहाटे धप असा आवाज आला आणि पुढचा आला नाही. थोड्या वेळाने काका माझ्या दारात. घामाने भिजलेला.

"मावशी, भिंत पडन."

"कोन म्हन्ते?"

"बॉल वीतभर डाव्या अंगाले आला. आवाजही पोकळ हाये. भिंत वाकली, मावशी. आजच पडन."

मी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. म्हटलं, "वय झालं आता. चुकला असन नेम."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी त्याच्या भाषेतली नाही, असं पाहिलं. तो क्लबच्या सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरीचं सिमेंटचं दुकान, भिंतीतलं त्याला जास्त कळतं असं सगळे समजत. त्याने येऊन भिंतीवर दोन थापा मारल्या. "काका, इंग्रजाच्या काळची भिंत हाये. तुमी नेम चुकले, आन् दोष भिंतीले देता काय?" सगळे हसले. राहुल सगळ्यात मोठ्याने हसला.

आपला नेम चुकतो, तर त्याचाही एखाद्या दिवशी चुकत असेल, असं आम्ही धरून चाललो. चौकोनातला तो रविवार सगळ्यांनी पाहिला होता, मीही पाहिला होता. तरी आम्हाला ते शक्य वाटलं नाही की एका माणसाचा नेम चुकतच नाही.

हाफटाइम झाला. अकोल्याचे खेळाडू पलीकडे त्यांच्या टेम्पोजवळ बसले. आमचे भिंतीच्या सावलीत, तिथे आधीच तीसेक माणसं मांडी घालून बसलेली. मी गेटजवळच्या नळावर लिंबाचं पाणी करत होते. काका मैदानाच्या मधोमध आला. सोबत बॉलचं पोतं. ओरडला, "उठा! भिंत पडून राह्यली, उठा!" भोंग्यावर गाणं जोरात. ज्यांना ऐकू गेलं ते हसले. एक जण म्हणाला, "काका, सकाळचा नेम दुरुस्त करता काय?"

त्याने पोतं उलटं केलं आणि मारायला लागला.

पहिला बॉल त्या बोलणाऱ्याच्याच नाकावर बसला. रक्त आलं. बॉल परत काकाच्या पायाशी. दुसरा सेक्रेटरीच्या तोंडावर, त्याचा चष्मा उडाला. बॉल परत पायाशी. तिसरा जाड्याच्या कानावर. चाळीस पावलांवरून तो माणसांच्या तोंडावर बॉल मारत होता, आणि प्रत्येक बॉल त्या माणसाला लागून घरंगळत त्याच्याकडे येत होता, जसा रोज त्या विटेवरून यायचा. एकही बॉल भिंतीला लागला नाही. त्याचा चेहरा पहाटेसारखाच शांत होता. बायका किंचाळल्या. मला वाटलं, हा माणूस शेवटी बिघडला.

"मारा साल्याले!" सेक्रेटरी ओरडला. सगळी रांग उठली आणि त्याच्या अंगावर धावली. नाकं पुसत, शिव्या देत, कोणी चप्पल काढून. भिंतीची सावली रिकामी झाली.

राहुल जागचा हलला नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. काकाने त्याला मारला तो बॉल सगळ्यांत जोराचा होता, मी नळाजवळून त्याचा आवाज ऐकला. राहुलने तो छातीवर घेतला. बॉल छातीवरून मांडीवर, मांडीवरून पायाखाली, आणि तिथेच मेल्यासारखा थांबला. त्याने आयुष्यात तसा बॉल थांबवला नव्हता. पलीकडे टेम्पोजवळचा तो निवडणारा माणूससुद्धा उभा राहिला. राहुलने बॉलवर पाय ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि काकाकडे पाहून हसला.

बाकीच्यांना बॉल थांबवता येत नव्हता म्हणून ते उठले. त्याला येत होता.

मग काका धावला. तसल्या गुडघ्याने धावला. समोरून तीस माणसं त्याला धरायला येत होती, आणि तो त्यांच्यामधून सरळ भिंतीकडे निघून गेला. एकाचाही हात त्याच्या सदऱ्याला लागला नाही. ते वळून पाहतात तोवर तो त्यांच्या पाठीमागे होता. मी त्याचं तोंड पाहिलं, तो काही तरी ओरडत होता. राहुलने बॉल पायाने ओढून मागे घेतला. त्याला वाटलं, काका बॉल हिसकायला येतो आहे.

भिंतीचा वरचा अर्धा भाग आधी आला.

विटा उपसायला वेळ लागला. ज्यांची नाकं फुटली होती तेच उपसत होते. अकोल्याचे पोट्टेही आले, त्यांच्या नव्या कपड्यांवर विटांची लाल धूळ. सरकारी दवाखान्यात दोघांना एकाच वॉर्डात ठेवलं, मध्ये एक पडदा.

नंतर मी काकाच्या खाटेजवळ बसले होते. त्याच्या हाताला प्लास्टर, कपाळाला टाके. बाकी अंगावर खरचटल्याशिवाय काही नाही. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. मी म्हटलं, "तुमी त राहुलजवळ पोचलेच होते."

तो छताकडे पाहत होता. "दोन पावलं राह्यली होती, मावशी."

"मंग?"

"मी थांबलो नाही. पाय थांबले. जिथं विटा पडनार नोत्या, तिथं थांबले. मी त्याइले पुढं लोटून राह्यलो होतो, आन् ते ऐकेच ना."

"आनखी दोन पावलं टाकली असती, त काय झालं असतं?"

"मले माहीत नाही," तो म्हणाला. "पायाले माहीत असन."

मी उठून पांघरूण त्याच्या पायांवर ओढलं. ते उघडे मला पाहवत नव्हते.

पोलीस आले. रोज बॉल मारून मारून ह्यानेच भिंत खिळखिळी केली, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. सेक्रेटरीनेही सांगितलं. मी त्यांना टँकरचं सांगितलं, आणि ती गुळगुळीत वीट ज्या भागात आहे तो भिंतीचा तुकडा अजून उभा आहे, तो दाखवला. महिन्याभराने काका पेटी आणि पंप घेऊन अकोटकडे निघून गेला. मी थांब म्हटलं नाही.

त्या रांगेतली सगळी माणसं आज जिवंत आहेत. सेक्रेटरी आहे, जाड्या आहे, त्याला मुलगी झाली. राहुलने त्याच संध्याकाळी दवाखान्यात जीव सोडला. भिंतीजवळच्या दोघांपैकी भाडेकरू वाचला.